चव घेणाऱ्याचा नातू

जगदेवरावांच्या हजीरा भागातल्या घरात कुठलाही पदार्थ आधी त्यांच्या जिभेवर यायचा. त्यांचे आजोबा एका सरदारांच्या मुदपाकखान्यात होते. ताट आत जाण्याआधी प्रत्येक वाटीतला घास खाऊन बघायचा, हे त्यांचं काम. सरदार गेले, मुदपाकखाना गेला; सवय तेवढी घरात राहिली. जगदेवरावांनी बायकोच्या प्रत्येक कडू औषधाचा थेंब चाखला होता. पुढे ती गेली, मुलगा-सून नोकरीसाठी भोपाळला गेले आणि नात गरिमा त्यांच्याजवळ राहिली. तिच्या डब्यातल्या भाजीचा पहिला घासही त्यांचाच असे.

"आबा, माझ्यासाठी काही छोडलंय ना?" ती विचारायची.

गरिमा एकोणीस वर्षांची, हॉकी खेळायची. डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड होती. ऑगस्टमध्ये तिने पांढऱ्या पावडरचा डबा आणला आणि रोज एक चमचा पाण्यात ढवळून घेऊ लागली.

"क्रिएटिन आहे. आहारवाल्या मॅडमनी सांगितलंय. ताकद येते, आबा, बस."

चहाच्या टपरीवर त्यांचा जुना दोस्त विक्रमसिंह भेटला. तो म्हणाला, "स्टेरॉइड है, जगदेव. किडनी बैठ जाती है, बाल झड़ते हैं. और लड़की को मूँछ आ गई तो?"

"तुझी आहे तेवढी पुरे," जगदेवराव म्हणाले खरे, पण चहा अर्धाच राहिला.

नातीला नुसतं 'थांब' म्हटलं असतं तर ती थांबली असती. ऐन निवडीच्या तोंडावर, विक्रमसिंहच्या शब्दावरून तिचं नुकसान करायचं का? मग त्यांनी घरची रीत धरली. गरिमा मैदानावर गेली की ते डब्यातून एक सपाट चमचा स्वतः घेत. जे व्हायचं ते आधी आपल्याला होईल. केसांचं काय होतं ते बघायला फारसं काही नव्हतं. कानांमागे उरलेली झालर ते रोज आरशात तपासत. पंधरा दिवसांत वजन किलोभर वाढलं, तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

ऑक्टोबरात त्यांची दरवर्षीची रक्ततपासणी झाली. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. हा आकडा मूत्रपिंडाचा, एवढं त्यांना माहीत होतं. रिपोर्ट हातात धरून ते पायरीवरच बसले. तीच पावडर गरिमाच्या पोटात दोन महिने जात होती.

गरिमाने त्यांना स्कूटरवर बसवून कंपू भागात डॉक्टर अश्लेषाबाईंकडे नेलं.

"काही नवीन सुरू केलंय का?" बाईंनी विचारलं.

जगदेवराव नातीकडे बघत राहिले. "हिची पावडर. रोज एक चमचा."

"म्हणून डबा जल्दी संपत होता," गरिमा म्हणाली. "मी तर दुकानदाराशी भांडून आले, आबा."

"मला आधी काही झालं असतं, तर तुला थांबवता आलं असतं."

त्यांच्या सदऱ्याचं उघडं बटण गरिमाने लावून दिलं.

बाईंनी समजावलं. हे स्टेरॉइड नव्हे. मांसमच्छीत ते असतं, आपलं शरीरही बनवतं. त्यातूनच क्रिएटिनिन तयार होतं, म्हणून पावडर घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडा वाढू शकतो. वाढलेलं वजन बहुतेक स्नायूंत धरलेल्या पाण्याचं. केस गळतात याला भक्कम पुरावा नाही, आणि मिशी तर नाहीच.

"गरिमाची तब्येत चांगली आहे, ठरल्या मापाने तिने घ्यायला हरकत नाही. पण काका, तुमच्या वयात न विचारता घ्यायचं नाही. महिनाभर बंद ठेवा, मग पुन्हा तपासू."

"मग तोपर्यंत मीही नाही घेणार," गरिमा म्हणाली.

"तुला बंद करायची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"आबांना नाही, तर मलाही नाही."

ऐन निवडीआधी तिचं नुकसान, ज्याला ते भीत होते, तेच त्यांच्या हातून झालं होतं. तो महिना जगदेवरावांना फार लांब गेला. रोज सकाळी ते फडताळातल्या बंद डब्याकडे बघत आणि तिच्या डब्यात एक पोळी जास्त घालत.

नोव्हेंबरात रिपोर्ट आला. आकडा पूर्वीसारखा, जागेवर. निवडीला अजून तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवरावांनी स्वतः डबा काढला, चमचा सपाट केला आणि पाण्यात ढवळून पेला तिच्यापुढे धरला. गरिमाने तो घेऊन उलट त्यांच्याच ओठांशी नेला.

"पहले आप."

"चाखून झालंय," ते म्हणाले. "पी."