टिकलीचं पोट आन् माझी माय

माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असतोच. आज तर मी रागातच सांगणार हाय. ज्याला ऐकवत न्हाई त्यानं खुशाल उठून जावं.

गोष्ट माझ्या मायची हाय. सत्यभामाबाई तिचं नाव, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली म्या कधी ऐकली न्हाई. पुसेगावात ती ‘मल्हारीची बायकू’. मल्हारी म्हंजे माझा बाप. आमची मेंढरं हायत, लहानमोठी मिळून ऐंशीक. आन् बापूचा हात दहा गावांत ठाऊक. मेंढीच्या पोटाखाली मूठ घालायची, हलकेच वर उचलायची, डोळे मिटायचे आन् सांगायचं, गाभण हाय का न्हाई, एक कोकरू का दोन. बापूनं सांगितलं ते बराबर निघायचं. मंग चहा, पान, तंबाखू, आन् वरून ‘मल्हारीदादाचा हात म्हंजे मशीन’.

पण कोणती मेंढी रवंथ करंना, कुणाच्या लेंडीत फरक पडला, कोण कळपात मागं मागं राहून राहिली, हे सगळ्यात आधी मायला कळायचं. झाडलोट तीच करायची ना! भाकरी वाढता वाढता ती हळूच बोलायची, “ती काळी आज चारा सोडून राहिली वाटतं.” बापू उठायचा, काळीला हात लावायचा आन् चारचौघांत सांगायचा, “मला सकाळीच कळलं होतं.” माय पदराआड हसायची. लहानपणी मला बी हसू यायचं. आता ते आठवलं की मस्तकात तिडीक जाते.

मी सेनगावात राहते. बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय माझं, वर दोन खोल्या. तिथं मी आन् माझी मांजर टिकली. पांढरीशुभ्र, कपाळावर काळा ठिपका. तिच्या आधीची मांजर जीपखाली गेली, तवाच ठरवलं, ही उंबरा ओलांडणार न्हाई. खिडक्यांना जाळी ठोकली, दाराला आतून दुसरं जाळीचं दार केलं. तीन वर्सं झाली, टिकलीनं सेनगाव पाह्यलं ते खिडकीतूनच. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घे, असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. म्या म्हणलं, बाहेर जातच न्हाई तर उगं कशाला चिरायचं लेकराला? ही चूक माझी. ती मी कुणाच्या गळ्यात घालणार न्हाई.

दसरा झाल्यावर माय माझ्याकडं आली. गुडघे दुखतात म्हणाली. आल्याच्या चौथ्या दिवशीच म्हणली, “राधे, तुझी टिकली लई पाणी पिऊन राहिली.”

“ऊन बघ की किती पडून राहिलं,” म्या म्हणलं.

दोन दिवसांनी म्हणली, “खाऊन न्हाई राहिली. दुधाला नुसतं तोंड लावती.” मंग म्हणली, “पाठीवरून हात फिरव तिच्या.” फिरवला. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता, आन् पोट मात्र तटतटलेलं. म्या घाबरले. शनिवारी दुकान बंद ठेवून हिंगोलीला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं.

आन् शुक्रवारी आला बापू. मेंढरांच्या विम्याचा फॉर्म भरायचा होता. वर आला, चहा घेतला, टिकलीकडं नजर गेली.

“गाभण हाय की ही!”

“बापू, ती बाहेर जातच न्हाई. कशी राहील गाभण?”

“बोका काय तुला इचारून येतो व्हय?” बापू हसला. टिकलीला मांडीवर घेतलं, पोटाखाली मूठ घातली, डोळे मिटले. टिकली कण्हली. “तीन हायत. एका ओळीत, बोरासारखी. दवाखाना बिवाखाना काही करू नका. तूप चार तिला.”

चुलीकडून मायचा आवाज आला, “अवो, गाभणीचा वास असा नसतो. शेपटीखाली चिकट लागून राहिलं तिला. म्या दोनदा पुसलं.”

“तू गप. मांजरीतलं तुला काय डोंबल कळतं?”

माय गप झाली.

आन् मी? एवढी नाकाला मिरच्या झोंबणारी मी, त्या दिवशी मी बी गप बसले. गप बसले एवढंच न्हाई, मला आनंद झाला! दाराला दोन कुलपं लावणारी बाई, जाळीला एक भोक न्हाई, तरी म्या त्या हातावर भरवसा ठेवला. डोळ्यांनी दिसत होतं ते खोटं आन् बापूची मूठ खरी. खोक्यात जुनी साडी अंथरली, वर तूप चारायला बसले. टिकली तोंड फिरवायची. माय दारात उभी राहून बघायची. शनिवार गेला, रविवार गेला, अजून तीन दिवस गेले.

गुरुवारी सकाळी टिकली न्हाणीतल्या गार फरशीवर पडलेली. दुधाची पिशवी फोडल्याचा आवाज आला की उडी मारून येणारी मांजर, तिनं कान बी हलवला न्हाई. अंगातून कुबट घाण वास. मी खोक्यात बघून राहिले, पिल्लं झाली का म्हणून! इतकी अक्कल गहाण पडली होती.

माय आली. टिकलीची पापणी खाली ओढून बघितली, हिरड्या बघितल्या. पांढऱ्या फटक. जन्मात पहिल्यांदा मायनं मला हुकूम सोडला. “ऊठ. चप्पल घाल.”

बाजाराच्या पिशवीत टिकलीला गुंडाळून आमी जीपमध्ये बसलो. एक पांढऱ्या टोपीवाला हसला, “ताई, मांजरीला दवाखाना? हितं माणसाला मिळंना!” त्याला म्या काय बोलले ते लिहिण्यासारखं न्हाई. हिंगोलीपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

डॉक्टर आकांक्षा माझ्याहून लहान पोरगी, पण हात भराभर चालत होते. इचारायला लागली.

“पाणी कधीपासून जास्त पिते?”

मी तोंड उघडलं, त्याच्या आत माय बोलली. “अकरा दिवस. आधी दिवसाला एक वाटी, मंग तीन. कालपासून तेबी न्हाई.”

“खाणं?”

“नऊ दिवस झाले. आधी अर्धं, मंग नुसतं चाटणं.”

“खालून काही जातंय?”

“आठ दिवस. आधी पाण्यावानी, मंग पिवळं. तीन दिवसांपासून लाल.”

डॉक्टरनं मायकडं मान वर करून बघितलं. “मावशी, एवढं बारकाईनं बघितलंत. मग आणलं का नाही?”

“मला कोणी इचारलं न्हाई,” माय म्हणली.

तक्रार म्हणून न्हाई म्हणली. आज बेस्तरवार हाय, असं सांगावं तसं म्हणली.

टिकलीच्या गर्भपिशवीत पू झाला होता. मशीनवर डॉक्टरनं दाखवलं, फुगलेल्या पिशवीचे काळे काळे गोळे, एका ओळीत. बोरासारखे. हेच बापूच्या मुठीला पिल्लं म्हणून लागले होते. “ऑपरेशन न केलेल्या मांजरीला हे होतं, घराबाहेर न गेली तरी,” डॉक्टर म्हणाली. “पाणी वाढलं, खाणं सुटलं, पोट फुगलं, की दुसऱ्या दिवशी आणायचं. पोट दाबून बघायचं नाही, पिशवी आत फुटते. आता लगेच काढावी लागेल. वाचेलच असं सांगत नाही.”

टिकलीला आत नेलं. आमी बाहेर बाकड्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बापूला फोन लावला.

“पू झालाय पोटात! तीन पिल्लं म्हणत होता न्हाई तुमी? मरायला टेकली ती!”

तिकडून मेंढरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज. मंग बापू म्हणला, “माझा हात चुकत न्हाई. पिल्लं मेली असतील आत, त्याचा पू झाला असंल.”

म्या फोन ठेवला. ठेवला म्हंजे आपटला. तोंडाचा पट्टा चालूच होता माझा. त्या हाताचं, त्या मशीनचं, त्या पानतंबाखूचं सगळं काढलं. माय आयकत होती. बाजाराच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मंग म्हणली, “राधे. अंगावरून जाणं बंद होऊन सहा वर्सं झाली मला.”

“मंग?”

“पुन्हा लाल दिसून राहिलंय.”

मला आधी कळलंच न्हाई. आन् कळलं तवा मी मायकडं बघितलं. गालफडं बसलेली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आन् पोटावर साडीची गाठ सैल, एकदम सैल बांधलेली. पंधरा दिवस ही बाई माझ्या घरात हाय. पंधरा दिवस मी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवते.

“बापूला सांगितलं?”

“सांगितलं. पोटाला हात लावून बघितला त्येनं. वायू हाय म्हन्ला. ओवा खा म्हन्ला.”

“आन् मला? मला काहून सांगितलं न्हाई माय?”

“तुझं दुकान...” ती म्हणली, “आन् तू बी इचारलं न्हाईस की.”

राग तर आलाच होता. आता सांगा, कुणावर काढू? बापूवर काढला असता तर सोपं होतं. दुखणं अंगावर काढणारीवर ओरडावं तर ती पिशवीचा बंद गुंडाळत बसलेली. उरलं कोण? मीच की.

दुपारी डॉक्टर बाहेर आली. पिशवी निघाली, मांजर शुद्धीवर येतेय, दोन दिवस इथंच राहू द्या, म्हणाली. मायनं दोन्ही हात जोडले. उठली, पदर सारखा केला. “चल, तीनची एस्टी मिळंल. दुकान सकाळपासून बंद हाय तुझं.”

“डॉक्टर,” म्या मायचा दंड धरून इचारलं, “बायकांचा दवाखाना इथून किती लांब हाय?”

“दोन गल्ल्या सोडून.”

“राधे, आज नको. टिकलीचं होऊ दे आधी. दिवाळी होऊ दे,” माय म्हणत होती. म्या दंड सोडला न्हाई. रस्त्यानं लोक बघत होते, बघू दे म्हणलं. मुडदा बशिवला त्या दिवाळीचा!

दवाखान्यात खिडकीवर एक पोरगी केसपेपर काढत बसली होती. नाव इचारलं. म्या सांगितलं, सत्यभामाबाई. वय सांगितलं. मंग तिनं पेन टेकवलं आन् माझ्याकडं बघून इचारलं, “काय त्रास आहे पेशंटला? किती दिवसांपासून?”

“मला नका इचारू,” म्या म्हणलं. “तिला इचारा.”

पोरीनं मायकडं बघितलं. मायनं माझ्याकडं बघितलं. मंग खिडकीच्या गजाला हात धरला आन् थोडी पुढं झाली.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” माय म्हणली. “आज पंचावन्न दिवस झाले.”