डोळे मिटून नवेगाव बांधला

गेल्या वर्षी राज्यांच्या फेररचनेत आम्ही नागपूरकर जागचे न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. एवढा लांबचा प्रवास फुकटात घडल्यावर यंदा दिवाळीत स्वतःच्या पायांनी कुठेतरी जावं असं वाटलं. बायकोला आणि आखाड्यातल्या शिष्यांना सांगितलं, नवेगाव बांधच्या तलावावर पाखरं बघायला जातो.

खरं कारण वेगळं होतं. मी आखाड्याचा वस्ताद. कुस्तीआधी डोळे मिटून, श्वास मोजून चित्त कसं एकाग्र करावं, हे रोज सकाळी शिकवतो. पण स्वतः फडात उतरून आठ वर्षं झाली होती. आपण शिकवतो ते आपल्याला अजून येतं का, ही शंका मला आतून खात होती. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुस्त्यांची दंगल होते, आणि तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. हरलो तर आखाडा दुसऱ्याच्या हवाली करायचा, असं मनाशी ठरवून ट्रंकेत लंगोट ठेवला.

गोंदियाला गाडी बदलावी लागते. छोट्या गाडीला अवकाश होता, म्हणून फलाटावरच्या बाकावर ध्यानाला बसलो. मन अगदी शांत झालं. त्याच शांतपणे उठलो आणि विड्यांच्या पेट्या लादलेल्या हातगाडीवर जाऊन आदळलो. "पहलवान, ध्यान किधर है?" हमाल खेकसला. मी ते शिकवतो, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टेशनाबाहेर पोहे-जिलबी चांगली मिळते, पोटभर खाऊन घ्या. आणि जवळ जुने आणे ठेवा, मंडईत नव्या पैशाकडे खोट्या नाण्यासारखं बघतात. छोटी गाडी धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, आणि जंगलातून रमतगमत जाते. ज्याला घाई आहे त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

स्टेशनावरून पुढे बैलगाडी. गाडीत मंडईसाठी माहेरी निघालेली एक म्हातारी होती. माझं तुळतुळीत डोकं, गरम कोट आणि मिटलेले डोळे तिनं बराच वेळ न्याहाळले असावेत. "हे कोठचं ध्यान आनलं बापा?" तिनं गाडीवानाला विचारलं.

"पैलवान होये म्हनते."

"मंग झोपून काऊन राहिला?"

मी डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. पाखरं खरोखरच होती, पाणी दिसू नये इतकी. म्हणजे घरी सांगितलेलं निम्मं तरी खरं ठरलं. दुपारी दंगलीत माझी जोड लागली सोमाजीशी. तलावाखालचं धान करणारा शेतकरी, वयानं माझ्याएवढाच. सकाळची कापणी आटोपून तो थेट फडात आला होता. पोटऱ्यांवरचा चिखलसुद्धा पुरता वाळला नव्हता. मला त्याची थोडी कीवच आली.

सलामी झाली, डफडं वाजू लागलं. मी एक पाऊल मागे सरकलो आणि डोळे मिटले. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. तिसरा आडवा पडून घेतला. वर आभाळ अगदी निरभ्र होतं.

सोमाजीनं हात देऊन उठवलं. तोच बिचारा ओशाळला होता. "मी थांबलो होतो जी. पन तुमी डोरे उघडूनच नाई राहिले. मले वाटलं, चक्कर आली."

"मग पाडलंत कशाला?"

"लोकं ओरडून राहिले ना जी!"

गुडघा सुजला होता. सोमाजी मला घरी घेऊन गेला. भात, लाखोरीची डाळ आणि तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा असं जेवण झालं. तो गुडघ्याला तेल चोळत होता तेव्हा मी विचारलं, "कुस्तीआधी तुम्ही मनात काय आणता?"

"मनात?" त्यानं थोडा विचार केला. "मी तं तुमचे पाय पाहून राहिलो होतो."

मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. ताकदीत हरलो असतो तर वयाकडे बोट दाखवलं असतं. मी हरलो होतो नेमका माझ्याच विषयात.

नागपूरला उंबरा ओलांडताच बायकोनं माझी चाल पाहिली. "पाखरानं ढकललं वाटतं?" तिनं जन्मात कधी ध्यान केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आखाड्यात शिष्य डोळे मिटून बसले होते. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. एक पेंगत होता, एक तंबाखू चघळत होता. पोस्टातले एक कारकून मात्र नेहमीसारखे एक डोळा किलकिला करून बसले होते. याच गुन्ह्याबद्दल मी त्यांना वर्षभर बैठका काढायला लावल्या होत्या. मी सगळ्यांना डोळे उघडायला लावले आणि घडलं ते सांगितलं. आखाडा सोडतोय, हेही सांगितलं.

कुणी हसलं नाही. कारकुनांनी विचारलं, "वस्ताद, ते सोमाजी इथे शिकवायला येतील का?"

लागलं. पण प्रश्न रास्त होता. त्यांच्याच समोर कार्ड लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: "कापनी चालू हाये जी. तुमीच या. भारे उचलाले मानसं पायजेत."

मी पुन्हा ट्रंक काढली. या वेळी लंगोट बाहेरच ठेवला.

"आता कुठे? पाखरं?" बायकोनं विचारलं.

"शिकायला."

"मग जरा ध्यान ठेवा," ती म्हणाली.