रक्तातली वळवळ

कॉलेजात आमच्या प्राणीशास्त्राच्या पुस्तकात आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराला पानंच्या पानं दिली होती. त्से-त्से माशीचं मोठं चित्रही होतं. तो आजार देणाऱ्या जिवाच्याच कुळातला दुसरा जीव आपल्याकडे घोड्या-उंटांना मारतो, त्या रोगाला सर्रा म्हणतात, हे मात्र एका ओळीत उरकलेलं. परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी ती ओळ वाचलीसुद्धा नाही. आमच्या वाडीत बहुतेक घरांची चूल घोड्यावर पेटते, आणि आमच्या घोड्यांच्या वाट्याला एक ओळ. मला तेव्हाही राग आला होता, अजूनही येतो.

वाडी माथेरानच्या पायथ्याशी, कर्जतच्या बाजूला. मी कर्जतला शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवडाभर भिसेगावात खोली घेऊन राहते, सुट्टीला घरी. बाबांची एकच घोडी. हंगामात तिच्यावर पर्यटक बसवून माथेरानचे पॉइंट दाखवायचे आणि पावसाळ्यात वरची हॉटेलं थंडावली की तिला खाली आणायचं, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. तिच्या पाठीवर माझं शिक्षण झालं, हे मी कधी लपवलं नाही. शिक्षकांच्या खोलीत एकीनं नाक मुरडलं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या वडिलांच्या खुर्चीपेक्षा आमची घोडी जास्त चालली आहे.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास घोडीला ताप आला. दोन-तीन दिवसांत उतरला, पुन्हा आला. चंदीला तोंड लावेना. बाबांनी उतारा टाकला, ताप उतरला, आणि वाडी म्हणाली, बघा, गुण आला. पुढच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा पोटाखाली सूज लोंबत होती आणि चालताना मागचे पाय लटपटत होते. तिच्या अगदी अंगाला अंग लावून शेजारच्या काकांचा घोडा बांधलेला होता.

ही आमच्याकडची रीत. आजारी घोडं एकटं बांधायचं नाही, एकटं पडलं की खंगतं. त्याचा जोडीदार शेजारी बांधायचा, म्हणजे तो खाताना बघून तेही चार घास खातं. दोघांची वर येण्या-जाण्याची सवय एकत्र, म्हणून काकांनी आपला घोडा आपण होऊन आणून बांधला होता. कोणाच्या मनात पाप नव्हतं. उलट माया होती, आणि म्हणूनच मला पुढे इतकं भांडावं लागलं.

कर्जतहून जनावरांच्या डॉक्टरांना मीच घेऊन आले. त्यांनी घोडीच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाले, "या बाई, तुम्ही बघा."

मी पोरांना इतकी वर्षं फळ्यावर प्रोटोझोआ काढून दाखवले. एका पेशीचा जीव. तोंड नाही, पोट नाही, डोकं तर नाहीच. तरी खातो, पोहतो, एकाचे दोन होतो. मलेरिया त्याच गणगोतातला, अमिबाची आवही. हे सगळं मला पाठ. पण आपल्याच घोडीच्या रक्तात, गोल गोल पेशींना ढुशा देत ती बारीक वळवळ चाललेली बघितली आणि मला रडू आलं. दिसायला सुंदर होती, त्याचाच जास्त संताप आला.

मग मी बाबांना बसवून सांगितलं. गोमाशी डसते ते सुईसारखं नाही, ती कातडी फाडते. जनावर शेपटी हाणतं, कातडी थरथरवतं, माशी अर्धपोटी उठते आणि रक्तानं भरलेलं तोंड घेऊन शेजारच्या जनावरावर बसते. लांब असेल तर तोंडावरचं रक्त वाळतं, आतले जीव मरतात. जवळ असेल तर जिवंत पोचतात. ताप उतरतो तो उताऱ्यानं नाही. अंगातली ताकद त्या जिवांना ओळखून मारायला लागते, तोवर त्यांतले काही अंगावरचं आवरण बदलतात, आणि ओळख पटेपर्यंत पुन्हा लाखोंनी वाढतात.

"म्हंजे जोडीला बांदला तोच वाईट झाला?" बाबांनी विचारलं.

"तोच, बाबा."

ते काकांच्या घोड्याकडे बघत राहिले. त्यालाही दोन दिवसांपूर्वी कणकण येऊन गेली होती.

डॉक्टरांनी औषध सांगितलं, काकांच्या घोड्याचंही रक्त घेतो म्हणाले. काका त्याला सुई लावू न देताच घोडा सोडून घेऊन गेले. संध्याकाळी घोडेवाल्यांची बैठक बसली, आमच्याच अंगणात. कुठेतरी लांब घोड्यांना रोग झाला आणि सरकारी माणसांनी येऊन घोडे मारले, असं कोणाच्या तरी पाहुण्यानं सांगितलं होतं. तो रोग ग्लँडर्स, जिवाणूचा, माणसालाही लागणारा. सर्रा माणसाला सहसा होत नाही. मी हे तीनदा समजावलं. पण भीतीला कान नसतात.

"हंगाम तोंडावर आलाय," एक म्हातारे म्हणाले. "वर कळलं घोड्यांना रोग हाय, तर कोन बसंल? तुमच्या एका घोडीपायी आमी समद्यांनी उपाशी मरायचं काय?"

"मग काय करायचं म्हनता?" मी विचारलं.

"रानात सोडून यायची. बोभाटा नको."

"सोडली तर सांजच्याला परत दावणीलाच येऊन उबी ऱ्हाईल. तिला घर माहीत हाय," मी म्हटलं.

सगळे खाली बघायला लागले. तेव्हा मला कळलं, पाय बांधून सोडायची ठरली होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गावातल्या म्हशी हाच जीव रक्तात घेऊन खुशाल रवंथ करत असतील, त्यांचे पन पाय बांदा. गोमाश्यांना काय सांगनार, तुमी पन जा हिच्या मागनं? हे म्हंजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बायकांनी दारातून मला खुणा केल्या, गप बस. मी बसले नाही. बैठकीत बाईमाणूस बोलत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या दिवशी ते मी मोडलं आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

सर्वांत जड गेले ते बाबांचे शब्द. ते उठून माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "जाऊ दे गं पोरी. तिच्यापायी वाडीच्या पोटावर पाय नको."

"मी जाऊ देनार नाय," मी म्हटलं. "तुला जमत नसंल तर माझ्या नावावर कर. मग माझ्याशी भांडूदेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडी सोडली आणि नदीकडच्या आमच्या पडीक तुकड्यावर नेली. तिथून वाडीची दावण ओरडून हाक पोचणार नाही इतकी लांब. जुन्या गोठ्याला चारी बाजूंनी गोणपाट लावलं, कारण गोमाशी उजेडाची शौकीन, अंधारात शिरत नाही. दारात शेणी धुमसत ठेवल्या. शाळेत रजा टाकली. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे तेव्हा घोडी घामानं थबथबायची, तोंडातून लाळ गळायची, टोचल्या जागी गाठ धरायची. सुई दरवेळी नवी, आणि वापरलेली ते डब्यात घालून बरोबर नेत. वाडीत टॉनिकची एकच सुई सगळ्या दावणीला फिरवतात, ते बघून माझा जीव जायचा.

घोडी खंगली, रीत म्हणत होती तशीच. एकटी उभी राहून वाडीच्या दिशेनं खिंकाळायची आणि मग कान टवकारून वाट बघायची. उत्तर यायचं नाही, इतकी लांब नेली होती मी तिला. वाडीची रीत बरोबर होती तेवढ्यापुरती, हे मी कबूल करते. एकटेपणानं जनावर झुरतं. पण झुरणारं जनावर परत खातं. मी तिच्यासमोर बसून माझी भाकरी खायचे, तिला दिसेल अशी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं माझ्याकडे बघत बघत गवताची काडी ओढली.

बाबा रोज येत, पण कुंपणाच्या बाहेर उभे राहत. पाणी ठेवून जात.

दिवाळी झाली. डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा बराच वेळ बघितलं. काच स्वच्छ होती. "जगली," ते म्हणाले. "पण घाट चढवू नका. मागच्या पायांची ताकद परत येईल असं मला वाटत नाही."

त्याच आठवड्यात काकांचा घोडा गेला. त्यांनी शेवटपर्यंत त्याचं रक्त काढू दिलं नव्हतं. घोडा पुरून झाल्यावर ते आमच्या तुकड्यावर आले. हातात त्याचा लगाम होता, तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा कुंपणाच्या आत आले होते आणि घोडीला खरारा करत होते.

काकांनी तिच्या मागच्या पायांकडे बघितलं. मग रागानं म्हणाले, "माझा चालनारा व्हता, तो गेला. ही चालायची नाय, ओझं वाहायची नाय. आता हिला ठिवून काय करनार रं तू?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते चांगलं लागलं असतं. पण बाबा आधी बोलले. हातातला खरारा त्यांनी थांबवला नाही.

"तुला नि मला ठिवून तरी कोन काय करतंय," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिला."