खालचा हुक

साखळी मी बांधली होती.

आज वर्ष झालं. लोक अजून म्हणतात, नामदेवमामाचं नशीबच फुटकं.
नशीब कसलं? भाचा नालायक निघाला.

तीर्थपुरीत मामांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली, ट्रॅक्टरला काहीही जोडायचं असलं की लोक आधी मामांकडं यायचे. मामा प्रत्येकाला तेच ऐकवायचे.
"ही वरची टॉप लिंक फक्त अवजार तोलायला. वजन ओढायचं ते खालच्या हुकानं. वरून ओढलं की पुढची चाकं उचलली, अन् तू ट्रॅक्टरखाली."

आम्ही हसायचो. "मामा, पाठ झालं बिलकुल!"

त्या दिवशी अंकुशनगरच्या साखर कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट माझ्या वावरात रुतला. पुढून ओढायला माझा ट्रॅक्टर आणला, पण मला धीर होईना. मामांना फोन केला. हातातलं काम टाकून आले अन् सरळ सीटवर चढले.

माझ्या ट्रॅक्टरला हुकच नव्हता. रोटाव्हेटरच्या शाफ्टला अडतो म्हणून आदल्या दिवशी काढून पोत्यात ठेवल्ता. घर दहा मिनिटांवर.

उसाचा ड्रायव्हर "जल्दी करा, जल्दी करा" करून राह्यल्ता. मला आळस आला.
टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवली.

मामांनी सीटवरून विचारलं, "खाली लावली ना रे?"

"हो मामा. बराबर लावली. घ्या."

त्यांनी वळूनसुद्धा पाह्यलं न्हाई. एवढा भरोसा.

पुढची चाकं उचलली. क्लच दाबायलाही टाइम भेटला न्हाई त्यांना.

ओझं जास्त झालं, असं सगळे म्हणाले. साखळी कुठं लावल्ती, हे कुणी विचारलंच न्हाई. मंग मीपण गप बसलो.

मामी अजून माझ्या ताटात तूप वाढती. "खा रे, तुझ्या मामाचा लई जीव होता तुझ्यावर."

मामी, तुला सांगायला चारदा आल्तो. दारातूनच परत गेल्तो. बाळू, हे वाचून दाखव तुझ्या आईला, मामीला. माफी मागत न्हाई. ती भेटून तरी काय होणार आहे?

हुक अजून त्याच पोत्यात आहे.

श्रद्धांजली लिहायचं तोंड न्हाई मला. मामा, तुम्ही सीटवरून विचारल्तं, त्याचं खरं उत्तर तेवढं देतो.

न्हाई मामा. खाली न्हाई लावली.
उतरा तुम्ही.