मडक्यावरच्या रोट्या

"हे काय? चान्या नाही आणल्या?"

व्याख्यान द्यायला आलेल्या प्राध्यापकांनी माझ्या मायला विचारलं. माईकमधून. भरल्या सभागृहात. समोर वर्ध्यातले डॉक्टर, वकील, पेढीवाले आणि त्यांच्या बायका. माय व्यासपीठावर खुर्चीच्या टोकाशी टेकलेली, अंगावर धुतलेलं पांढरं लुगडं, मांडीवर रोट्यांची टोपली. ती माझ्याकडे पाहू लागली. मी खाली, दुसऱ्या रांगेत.

"चान्या हो, आजी. वाळवलेलं मांस. मेलेल्या ढोराचं. तुमची खासियत!"

सभागृह हसलं. कुत्सित नाही हसलं, कौतुकानं हसलं. त्या कौतुकानं माझं अंग आजही पेटतं.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत मास्तरीण होते. माय आणि मी बोरगावला राहायचो. शहरात हौशी लोकांचं एक मंडळ होतं, खाण्याच्या इतिहासावर व्याख्यानं ठेवायचं. महिन्यातून एक शनिवार. मला भारी आवड लागली त्याची. मिरची आपल्याकडे कुठून आली, ज्वारी किती जुनी, मी तोंडाचा आ करून ऐकायची. आणि मंडळाची एक रीत होती. ज्या समाजाच्या जेवणावर व्याख्यान, त्या समाजातल्या एखाद्या घरानं रांधून आणायचं आणि व्याख्यानानंतर सगळ्यांनी ते खायचं. व्यापाऱ्यांच्या घरच्या कचोऱ्या मी खाल्ल्या. शेतकऱ्यांच्या घरची पाटवडी खाल्ली, रस्सा दोनदा मागून घेतला. सगळ्यांना वाहवा दिली.

मग मीच मंडळाच्या चिटणीस बाईंना म्हटलं, आमच्याही घरचं होऊ द्या एकदा. वकिलांची बायको ती, बोलायला मोठी गोड. म्हणाली, "अय्या, खरंच! तुमच्या आईलाच घेऊन या ना." मी हवेत. वाटलं, झालं! आता हे लोक आमच्या हातचं खाणार.

घरी येऊन मायला सांगितलं तर तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"खातीन का वं ते?" तिनं विचारलं.

"काऊन नाई खाणार? शिकलेले लोक हायेत, माय."

"शिकलेले हायेत म्हनूनच इचारून राह्यली."

पण कामाला लागली. मांस नको, म्हणाली, कोणाला निमित्त सापडायला नको. वांग्याचा रस्सा आणि मडक्यावरच्या रोट्या. आमच्यात लग्नकार्याला करतात त्या. गहू भिजवायचे, दळायचे, कणीक पाणी घालघालून आपटायची, पार ताणली जाईपर्यंत. मग ती हातावर, कोपरापर्यंत झुलवायची आणि चुलीवरच्या उलट्या मडक्यावर टाकायची. लुगड्याच्या पदरासारखी पातळ रोटी. माझ्या मायसारखी रोटी वस्तीत कोणाची होत नव्हती, हे मी लेक म्हणून नाही सांगत. तिनं कुंभाराकडून नवं मडकं आणलं. घरातलं वापरलेलं नको म्हणाली. का नको, ते बोलली नाही. मला समजलं, आणि मी समजून न समजल्यासारखं केलं.

आणि आता हा माणूस तिला मेलेलं ढोर मागत होता.

माय उठली. माईकपाशी तोंड न्यायचं तिला कळलं नाही, पण आवाज मागपर्यंत गेला.

"ते सोडलं, भाऊ. नागपूरले दीक्षा घेतली तवापासून सोडलं. आमच्या अख्ख्या वस्तीनं सोडलं."

प्राध्यापक वळले. तिच्याकडे नाही, लोकांकडे.

"बघा! हीच आपल्याकडची शोकांतिका. माणसं आपली आवड, आपली खाद्यपरंपरा विसरून जातात. या समाजाला ते मांस किती प्रिय होतं!"

प्रिय. बापा रे! माझी आजी गावकुसाबाहेर राहून, गावानं आमच्या माणसांना ओढायला लावलेल्या ढोरावर घारी-कुत्र्यांच्या आधी पोचायची. का, तर घरात लेकरं रडत होती. कोठारं भरलेली होती गावाची, आमच्यापुरती बंद होती. आणि हा म्हणतो, आवड!

लोक माना डोलवत होते. काहीजण वहीत लिहून घेत होते.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. "तुम्ही तर शिक्षिका आहात. तुमच्यात पूर्वी ते कसं शिजवत, चव कशी असे, सांगा ना सगळ्यांना. संकोच करू नका."

मी उभी राहिले. दोन वर्षं ज्यांच्यात बसले, ज्यांच्या कचोऱ्या खाल्ल्या, ते सगळे तोंड वळवून माझ्याकडे बघत होते. चव ऐकायला.

"नाही सांगत," मी म्हटलं.

"अहो, पण इतिहास म्हणून..."

"इतिहास म्हणून सांगते. चव भुकेची होती. भूक तुम्ही दिली होती."

चिटणीस बाई लगबगीनं उठली. "बाई, इथं राजकारण नको हं. खाण्याच्या गोष्टी चालल्यात."

व्याख्यान संपलं. टाळ्या झाल्या. रोट्या टेबलावर मांडल्या होत्या, रस्सा पातेल्यात. कोणी आलं नाही. एकीला शनिवारचा उपास. एकीचं पोट बिघडलेलं. एका डॉक्टरांनी रोटी बोटानं उचलून उजेडात धरली, "किती पातळ!" म्हणाले आणि परत ठेवली. मग सगळे पलीकडच्या टेबलावर चहा-बिस्किटांकडे गेले. शनिवारवालीसुद्धा. बिस्किट खाताना मी पाहिली तिला.

मी रोट्या परत टोपलीत भरल्या, टोपली उचलली, मायचा हात धरला आणि निघाले.

वस्तीत पोट्टे धावत आले. क्षणात टोपली रिकामी. माय त्यांना वाढत होती आणि मान वर करत नव्हती. घरात आल्यावर एवढंच म्हणाली, "काऊन नेलं वं मले तिथं?"

मी रिकामी टोपली खुंटीला टांगली.

माय गेली. जाईपर्यंत तिनं मडकं चुलीवर ठेवलं नाही. सणालाही नाही. आपल्या लेकीच्या लग्नात रोट्या कर म्हणून शेजारीण मिनतवाऱ्या करून गेली, माय म्हणाली, हात चालत नाई आता. खोटं होतं ते. हात चांगले चालत होते.

मंडळ मात्र जोरात आहे. प्राध्यापक दर वर्षी येतात. आता त्यांचं एक व्याख्यान आमच्यावरच असतं. गर्दी होते. ते सांगतात, यांना अमुक आवडायचं, यांना तमुक आवडायचं. एका म्हातारीचा किस्साही सांगतात म्हणे, आपलीच परंपरा विसरलेल्या म्हातारीचा. लोकांना फार भावतो तो किस्सा. वस्तीतल्या एका पोराला मी म्हटलं, चल माझ्यासोबत, जाब विचारू, तर म्हणाला, "जाऊ द्या ना मॅडम, काय फायदा?"

फायदा नाही. मला माहीत आहे. ते बदलणार नाहीत. त्यांची पोरंही नाहीत. ऐकणाऱ्यांतल्या एकाच्याही घशात घास अडकणार नाही.

तरी येत्या शनिवारी त्यांच्या त्या व्याख्यानाला मी जाणार. पुढं बसणार. ते ‘आवड’ म्हणाले की उभी राहणार आणि म्हणणार, खोटं. धरून बाहेर काढतील. काढू देत. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. माझ्या मायच्या तोंडात त्यांनी जो घास कोंबला, तो मी त्यांच्याच सभागृहात, त्यांच्यासमोर थुंकणार. दर वर्षी. मरेपर्यंत.