भाजलेल्या जवसाचा वास
चटणीसाठी जवस भाजायला घेतले की अमेरिकेत, पिस्कॅटवेतला तो चित्रकलेचा क्लास आठवतो, कारण तैलरंगात घालायचं तेलही जवसाचंच. ऐंशीच्या दशकात, नवरा ऑफिसला गेला की मी तिथे जायचे. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या होत्या, मूळच्या हॉलंडच्या. एकदा त्यांनी मला म्युझियममध्ये नेऊन एका लहानशा जुन्या डच चित्रापुढे उभं केलं. खिडकीतून आलेला पिवळट उजेड, टेबलावर प्लास्टरचं डोकं, शिष्याचा कागद हातात धरून बसलेला गुरू आणि त्याच्या खुर्चीमागे अंग चोरून उभा असलेला शिष्य. "गुरू अजून काही बोललेला नाही," बाई म्हणाल्या, "त्या पोराकडे बघ. तुझा कागद मी हातात घेते ना, तेव्हा तूही अगदी अशीच उभी असतेस." त्या परक्या गावात मी कशी उभी असते, हे कुणीतरी पाहिलं होतं. मी तिथेच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं, माझं काही पडलं. "काय हरवलं गं?" म्हणत त्या गुडघ्यावर हात टेकून कशाबशा खाली बसल्या आणि माझ्याबरोबर फरशी चाचपू लागल्या. नमस्कार म्हणजे काय, ते इंग्रजीत सांगायला मला सुचेना, म्हणून मीही शोधत राहिले. बाई जाऊनही आता वर्षं झाली. काय हरवलं, ते आज मला सांगता आलं असतं.