मास्तरांचा पत्रा आणि साडूंची मॉडेलं

रस्त्याच्या वळणावर, टायरवाल्याच्या शेजारी ज्यांचं डेंटिंगचं गॅरेज होतं त्यांना सगळे ठोकमास्तर म्हणत. गाडी कितीही चेपून येवो, मास्तर तिच्याभोवती एक चक्कर मारत, पत्र्यावरून तळवा फिरवत आणि ‘होईल’ एवढंच म्हणत. शेजारच्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करी. भिंतीच्या अलीकडे हातोडी, पलीकडे मशीन. एकाने गाड्यांची अंगं सरळ करायची, दुसरीने माणसांची अंगं कपड्यांत बसवायची, असा तो संसार होता.

मास्तरांची स्वतःची गाडी म्हणजे चक्क स्पोर्ट्स कार होती. एका हौशी गिऱ्हाइकाने ती झाडावर घातली होती. मास्तरांनी दुरुस्त करून निरोप धाडला, तर तो म्हणाला, ‘मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नाही. तुम्हीच ठेवा.’ तोंड खरं तर बघण्यासारखं होतं. दोन गोल बटबटीत हेडलाइट, मधे बॉनेटचा उतार, आणि मागची बाजू वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी. बायकोने तिला बघताक्षणी ‘बेडकी’ म्हटलं आणि तेच नाव पडलं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण मेव्हणीचं लग्न झालं आणि मास्तरांना साडू मिळाला.

साडू फरशांचे व्यापारी. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला आले ते त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलमध्ये बसून. नाक तसंच, पण गोल दिव्यांखाली काळ्या रबराचे जाडजूड बंपर, जणू बेडकीला मिशा फुटल्या होत्या. साडूंनी ती मुद्दाम बेडकीला खेटून लावली आणि हात मागे बांधून दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले.

‘छान ठेवलीय हो जुनी,’ ते म्हणाले. ‘तेव्हा असंच चालायचं.’

मास्तर हसले. पण जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी बेडकीचा क्रोमचा बंपर सोडवला, पट्टीने मापं घेतली, आणि कामाला लागले. महिना उलटायच्या आत बेडकीला मिशा आल्या.

पुढच्या भेटीत साडूंना आपली गाडी कुठली ते ओळखता येईना. चुकून बेडकीचंच दार ओढत बसले. घरी जाताना चेहरा एवढासा झाला होता. मग काय, कंपनीने मॉडेल बदललं की साडू गाडी बदलत, आणि साडूंनी गाडी बदलली की मास्तर पत्रा बदलत. इंजिन तेच, चाकं तीच, वरचं कातडं तेवढं नवीन.

एका मॉडेलला झाकले जाणारे दिवे आले. बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे वर येत, पुन्हा दाबलं की मिटत. मास्तरांनी बायकोच्या जुन्या शिलाई मशीनची मोटर लावली. उजवा डोळा झटकन उघडे, डावा सावकाश. परिणामी गाडी सिग्नलला उभी राहिली की डोळा मारी. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा त्या सरळ गॅरेजात आल्या. मास्तर ओशाळून म्हणाले, ‘मी नाही हो, ती.’ बाईंनी गाडीकडे पाहिलं, गाडीने डोळा मारला.

त्यानंतरच्या मॉडेलचे मडगार्ड रुंदावले आणि मागे पंखासारखा स्पॉइलर आला. कपडे घेऊन उभं राहिलेल्या बायकोने विचारलं, ‘अहो, माझं इस्त्रीचं टेबल कुठंय?’ मास्तरांनी बोटाने बाहेर दाखवलं. ती बाहेर आली, गाडीच्या पाठीवर टेबल बघितलं, रंगवलेलंसुद्धा. मग तिने साडीचा पदर खोचला, गरम इस्त्री आणली आणि तिथेच, गाडीच्या मागे उभी राहून गिऱ्हाइकाची पँट पुरी केली.

‘उंची बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘राहू दे.’

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. सासरे भलतेच उंच, आणि नोकरी केली ती लिफ्टमनची. सगळी हयात त्या पिंजऱ्यात मान वाकवून उभे राहिले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, ‘यापुढे ही मान कुठे वाकणार नाही.’ आणि ते शब्दाला जागले. बुटक्या दारांच्या घरी जाणं सोडलं. बेसिनवर वाकायला नको म्हणून तोंड धुताना पाणीच वर उचलून घेत. हळूहळू त्यांचं सगळं फिरणं बंद झालं, कारण बहुतेक जग मान वाकवून आत शिरण्याच्या बेताचं केलेलं असतं.

मास्तरांच्या बायकोच्या जिवाला ते लागलं. ‘बाबा वर्षभरात उंबऱ्याबाहेर पडले नाहीत,’ ती मास्तरांना म्हणाली. ‘तुमच्या साडूंच्या मिशांच्या मागे लागता, माझ्या बाबांचं काहीतरी बघा की.’

मास्तर सासऱ्यांकडे गेले. खुर्चीत बसवून त्यांचं बुडापासून टाळूपर्यंतचं माप घेतलं.

‘जावईबापू, टोपी धरून,’ सासरे करड्या आवाजात म्हणाले.

‘धरली, मामा.’

गॅसकटरने बेडकीचा टप कापला गेला. ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर मास्तरांनी एक फुगवटा उठवला. टेंगूळ दिसू नये म्हणून तो मागे लांबवत, निमुळता करत थेट काचेपर्यंत नेला. मग एकीकडे फुगवटा, दुसरीकडे सपाट, हे डोळ्याला खुपायला लागलं म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावरही तसाच दुसरा उठवला. दोन्हींच्या मधे एक खोलगट पन्हळ राहिली. सासरे आत बसले. टोपी टपाला लागली नाही. मान ताठ. डोळ्यांत पाणी.

‘चला,’ ते म्हणाले. ‘कुठेही.’

हमरस्त्यावर एक मोटारसायकलवाला त्यांच्या मागे लागला. कधी डावीकडून फोटो काढी, कधी उजवीकडून. सासऱ्यांना वाटलं, ताठ मानेचं कौतुक होतंय. त्यांनी टोपी काढून त्याला अभिवादन केलं. पुढच्याच आठवड्यात गाड्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर बेडकी झळकली, मथळा होता: ‘येतं मॉडेल! कंपनी लपूनछपून चाचणी घेताना पकडली.’ खाली लिहिलं होतं की शेजारी बसलेले वयस्क गृहस्थ कंपनीचे मुख्य अभियंता असावेत.

ते बघून साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. फोटोत मास्तर ओळखू येत नव्हते, सासरे येत होते. पण आपले सासरे मुख्य अभियंता असतील तर एवढी वर्षं कुणी बोललं कसं नाही, या कोड्यात ते पडले. तडक शोरूममध्ये गेले. ‘ते फुगवट्याचं मॉडेल मला हवं.’

‘साहेब, असं मॉडेलच नाही,’ शोरूमवाला म्हणाला.

‘असं म्हणावंच लागतं तुम्हाला. कळतं मला,’ साडू डोळे मिचकावत म्हणाले.

शोरूमवाला जितकं नाही म्हणे तितका त्यांचा विश्वास वाढे. एकटे साडूच नव्हे, गावोगावच्या शोरूममध्ये माणसं डोळे मिचकावत शिरू लागली. शेवटी कंपनीला स्वतःचंच येतं मॉडेल शोधायला माणसं पाठवावी लागली.

गॅरेजसमोर एक बाई उतरल्या, पांढरे कापलेले केस, हातात पेन्सिल. त्या कंपनीच्या आरेखन विभागाच्या प्रमुख. बरोबर दोन सहकारी होते. मास्तरांना वाटलं, आता आपली धडगत नाही. पण बाई बेडकीभोवती एक चक्कर मारून पत्र्यावर तळवा फिरवू लागल्या, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

‘ही पन्हळ का?’

‘दोन टेंगळं जोडता येईनात म्हणून.’

‘आणि टेंगळं का?’

‘सासरे.’

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या गॅरेजातल्या स्टुलावर बसल्या आणि मन मोकळं केल्यासारख्या बोलू लागल्या. ‘आमच्याकडे मालक म्हणतात, गाडी पूर्ण नवीन दिसली पाहिजे, आणि जुन्या माणसाला ती तीच वाटली पाहिजे. टपाच्या एका रेघेसाठी आम्ही तिघं एकमेकांशी बोलत नाही. हे दोघं माझ्याशी बोलतात ते फक्त पाहुण्यांसमोर.’ दोघांनी मान डोलावली.

‘मला सोपं पडतं,’ मास्तर म्हणाले. ‘मला एकच साडू आहे.’

बाईंनी गाडी चालवून बघितली आणि परत येऊन म्हणाल्या, ‘वेग वाढला की तुमचा फुगवटा शिट्टी वाजवतो. मागची कड जरा खाली घ्या.’ मास्तरांना वाटत होतं, शिट्टी सासरे वाजवतात. त्यांनी कड खाली घेतली, शिट्टी थांबली. दोन हुशार माणसं एकमेकांच्या कामावर खूश झाली. जाताना त्यांनी मास्तरांच्या होकाराने टपाचं माप नेलं.

पुढचं मॉडेल दोन फुगवट्यांचं आलं. माहितीपत्रकात हवेच्या प्रवाहाबद्दल बरंच काही होतं, सासऱ्यांबद्दल काही नव्हतं. साडूंनी पहिली गाडी उचलली आणि थेट सासऱ्यांच्या दारी नेली. सासरे टोपी घालून बसले, ताठ राहिले, आणि म्हणाले, ‘हिची गादी मऊ आहे.’ त्यानंतर ते फिरायला जात ते साडूंबरोबर. मास्तर वरवर ‘बरंच झालं’ म्हणाले, पण त्या दिवशी एक साधा पोचा काढताना त्यांची हातोडी दोनदा चुकली.

मग एका दुपारी साडू एकटेच आले. गाडी आत घेतली आणि स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं.

‘साडूबुवा, हसणार नसाल तर एक बोलतो.’

‘हसण्यासारखं असेल तर हसेन.’

‘हा फुगवटा मामांच्या मापाचा, त्यांनीच सांगितलं. माझं डोकं तिथवर पोचतच नाही. चालवताना डोक्यावर नुसती पोकळी. वाटतं, कुणीतरी उंच माणूस यायचा होता आणि त्याच्याऐवजी मी आलो.’

मास्तर हसले नाहीत. ‘तुम्हाला गाडीत टोचतं काय, ते सांगा,’ ते म्हणाले.

साडूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, शोरूमवाल्याने नाही, बायकोने नाही.

‘गुडघा,’ शेवटी ते हळूच म्हणाले. ‘उजवा. दारावर आपटतो. पहिल्या गाडीपासून.’

‘मग बदलत का राहिलात?’

‘पुढच्या मॉडेलमध्ये सुधारतील असं वाटायचं.’

मास्तरांनी दाराचं आतलं कव्हर सोडवलं. साडूंना सीटवर बसवून गुडघ्याभोवती खडूने गोल काढला. नव्या कोऱ्या रंगावर बाहेरून लाकडी ठोकळा टेकवला आणि हातोडी उचलली. साडूंनी डोळे गच्च मिटले. पहिला घाव आतून बसला तसा बाहेरचा रंग तडकला.

‘अजून थोडं,’ साडू डोळे मिटूनच म्हणाले. ‘अजून. हं. इथे.’

रंग वाळल्यावर साडू गाडी घेऊन निघाले. दाराला बाहेरून मोठा गोल उंचवटा, दाढ सुजल्यासारखा. मेव्हणी आठवडाभर त्या गाडीत बसली नाही, आणि भाऊजींना फोन करून जे बोलायचं ते बोलली. रस्त्यात बाजूचे गाडीवाले हॉर्न वाजवून, बोट दाखवून सांगत, अहो, तुमच्या दाराला काहीतरी झालंय. साडू सिग्नलला थांबले की काच खाली घेत आणि प्रत्येकाला समजावून सांगत, ‘गुडघा आहे.’